आधी घोड्याला धीर

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यात घोडा आता हमखास दिसतो तो दोन ठिकाणी. एक वरातीत, आणि दुसरा धनगरांच्या कळपामागे, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चाललेला. त्या तट्टाच्या पाठीवर भांडी असतात, घोंगड्या असतात, कोंबड्यांची डालगी असते, नुकती जन्मलेली कोकरं असतात आणि या सगळ्याच्या वर कधीकधी एखादं चार-पाच वर्षांचं पोर बसलेलं असतं. तट्टू ओढ्यात उतरतं, काठ चढतं आणि पोर त्याच्या चालीबरोबर मागेपुढे डुलत राहतं. घोड्याच्या पाठीवर माणूस किती निवांत बसू शकतो, ते त्या पोराकडे बघावं.

मला आज बोलायचंय ते असं बालपण ज्यांच्या वाट्याला आलं नाही, त्यांच्याबद्दल. लातूर-नांदेड-संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली मुलं, पन्नाशी ओलांडलेल्या बाया, पेन्शनीत निघालेले गृहस्थ. मी घोडेस्वारी शिकवतो आणि ही सगळी मंडळी माझ्याकडे येतात. येताना बहुतेकांच्या मनात एकच कल्पना असते, की एवढं दांडगं जनावर आपल्या हुकमात आलं की आपण धीट होणार. मला मात्र इतकी वर्षं उलटंच दिसत आलंय.

घोडा हा मुळात भित्रा जीव. पळून जीव वाचवणाऱ्या जनावरांपैकी तो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं त्याला दिसतं. कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा एवढीच त्याच्या नजरेआड. शेततळ्याचा काळा कागद फडफडला, कुणी पटकन छत्री उघडली, की चारशे किलोंचं जनावर बाजूला उडी मारतं. शिकणारा हे पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. ज्याची आपल्याला भीती वाटते, तो आपल्याहून जास्त घाबरतो! मग त्याला धीर कोण देणार? जवळ उभा असलेला माणूसच देणार. माझ्या मते घोडेस्वारीतला सगळा आत्मविश्वास इथून उगवतो. दुसऱ्याला धीर देता देता आपल्याला धीर येतो.

म्हणून सुरुवातीला मी कुणालाच खोगिरावर बसवत नाही. हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, देतो. सहावीतली एक मुलगी आली होती. वर्गात बाईंनी नाव घेतलं तरी उत्तर देत नाही, असं तिच्या आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. पागेच्या दाराशी मुलगी थबकली. "सर, हे चावतंय का?" एवढंच बोलली. मी सांगितलं, समोरून जाऊ नकोस, मागूनही नको, खांद्याच्या बाजूनं जा, आणि जाताना बोलत जा, म्हणजे तू कुठं आहेस ते त्याला कळेल. आता घोड्याशी बोलायचं काय? थोडा वेळ गप्प राहिली आणि मग करतेय तेच सांगायला लागली. आता मानेला येते. आता पाठीला. इथं माती आहे, थांब. घोड्याचा एक कान वळून तिच्याकडे लागला. मग त्यानं एक मागचा पाय सैल सोडला, खालचा ओठ लोंबला. घोडा निवांत झाल्याची ही खूण.

पुढच्या एका दिवशी तिनं खूर उचलला. खांद्यापासून हात खाली सरकवत न्यायचा, टाचेच्या वरची शीर हलकेच दाबायची आणि थांबायचं. हिसकायचं नाही. घोडा स्वतःहून पाय देतो. तो पाय हातात आल्यावर खुराच्या खोबणीतली माती आकडीनं उकरताना त्या मुलीचा आवाज पागेच्या पार टोकाला मला ऐकू येत होता, "थांब रे, झालंच!" तोवर ती एकदाही घोड्यावर बसलेली नव्हती.

आता बसण्याकडे येऊ. घाबरलेला माणूस खोगिरावर काय करतो? पुढे वाकतो, श्वास धरतो, लगाम ओढतो आणि पडू नये म्हणून टाचा घोड्याच्या पोटाला आवळतो. लगाम सांगते थांब, टाच सांगते चल. घोडा बावचळतो, मान झटकतो. त्यानं स्वार आणखी आवळतो. यातून बाहेर पडायला शरीराला नेमकं उलटं शिकवावं लागतं. पाठ सरळ, नजर दोन कानांच्या मधून लांबवर, टाच खाली, मूठ मऊ, आणि श्वास पूर्ण सोडायचा. मी शिकणाऱ्याच्या हातातून लगाम काढूनच घेतो. घोडा माझ्याकडच्या लांब दोरीवर गोल फिरतो आणि स्वारानं हात पसरून बसायचं. पहिले दोन फेरे खांदे कानाला भिडलेले असतात. कधीतरी श्वास सुटतो, आणि त्याच क्षणी घोडाही फुरफुरून मान खाली सोडतो. "भिऊ नको" हे आपण मुलांना शंभरदा सांगतो, पण भीती अंगात कुठं बसते आणि ती तिथून सोडवायची कशी, हे सांगत नाही. घोड्याच्या पाठीवर ते आपोआप कळतं.

मोठ्या माणसांना पडण्याइतकीच भीती असते हसू होण्याची. एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांनी नवऱ्यालाही मैदानाबाहेर थांबायला सांगितलं होतं. दुडकी चालीत घोड्याची पावलं दोन ठोक्यांत पडतात, एक-दोन, एक-दोन, आणि स्वारानं एकावर उठायचं, दोनवर बसायचं. बाईंचा ताल चुकायचा, खोगीर आपटायचं. मग एके सकाळी त्या मोठ्यानं पाढे म्हणायला लागल्या. बे एके बे, बे दुणे चार. ताल जमला तशा त्या फाटकाकडे बघून ओरडल्या, "अहो, आत या!"

वय या खेळात फारसं आडवं येत नाही. जपानचे हिरोशी होकेत्सु २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये घोड्यावर उतरले तेव्हा ७१ वर्षांचे होते. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे पाय पोलिओनं गुडघ्याखाली लुळे झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची, तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली सफाईनं करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक मिळवलं. बाईमाणूस असा वेगळा गटही ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत नाही, स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं, ते सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि हृदय छेडा या चौघांनी. घोडेस्वारीतलं सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी आलं होतं.

पडण्याचं बोलायलाच हवं. जो शिकतो तो कधीतरी पडतो. म्हणून हेल्मेट सक्तीचं, आणि बुटाला थोडी टाच हवी, नाहीतर पाय ठेवायला खोगिराला लटकवलेल्या रिकिबीतून पाऊल आरपार जाऊन अडकतं. चप्पल, सँडल घालून आलेल्याला मी परत पाठवतो, मग तो कुणाचाही मुलगा असो. पाठीचा, हाडांचा किंवा चक्करेचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक, आणि हे मी कळकळीनं सांगतो. काही ठिकाणी घोड्याला मारून, तोंडात काटेरी कडी घालून चालवतात. तिथं मुलाला पाठवू नका. वर्ग लावण्याआधी तासभर नुसतं बसून बघा. घोडा चुकला तर शिकवणारा काय करतो? घोड्याच्या फासळ्या दिसतात का? कडीखाली जखम आहे का? उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी वर्ग चालवणारा माणूस घोड्याचा विचार करत नाही, तो तुमच्या मुलाचाही करणार नाही.

घोडा आपल्या मातीला परका नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात गुरू गोविंदसिंगजींच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे आजही मानानं सांभाळले जातात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि तिथं घोड्याचे दात बघून वय सांगणारी जुनी माणसं भेटतात. यंदा मार्गशीर्षात यात्रेला गेलात, तर मुलाला फोटोपुरतं घोड्यावर बसवून लगेच उतरवू नका. मालकाला विचारा, घोडा गरीब आहे का, आणि मुलाला खांद्याच्या बाजूनं जवळ न्या. घोड्याला त्याचा हात हुंगू द्या, मग मानेवरून हात फिरवायला सांगा. बसण्याचं मुलगा स्वतः म्हणाला, तर बघा.

नमस्कार.