आधी माप, मग सायकल

[लातूरमधलं सायकलचं दुकान. भिंतीला पाठ लावून उभी मुलगी.]

तोल, धड, पाय किंवा हात यांची अडचण असलेल्या मुलासाठी सायकल घेताना आधी पायाचं माप घ्या. अनवाणी उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याची वही जांघेत घट्ट वर सरकवायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरायचा. सीट पूर्ण खाली घेतल्यावर तिची उंची या मापाएवढी किंवा बोटभर कमी हवी; तरच बसल्या बसल्या दोन्ही तळपाय टेकतात. "वाढतं अंग आहे, मोठीच घ्या" हा दुकानातला सल्ला इथं ऐकू नका.

फक्त तोल उशिरा येत असेल, तर दोन्ही पायडल काढा आणि मुलाला पायांनी ढकलत सायकल चालवू द्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. परत बसवताना डावं-उजवं बदललं आणि पान्यानं रेटलं, तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांडीला बसतं तिचे, आटे जातात.

[मागच्या चाकाला लावलेली आधाराची दोन छोटी चाकं.]

ही चाकं सिमेंटच्या रस्त्यावर ठीक. खड्ड्यात मात्र ती दोन्ही कडांवर टेकतात, मधलं चाक अधांतरी राहतं. मग पायडल मारून सायकल हलत नाही आणि मागचा ब्रेकही लागत नाही. पावसाळ्यात काळी माती थापून बसते, ते वेगळंच.

धडच सावरत नसेल, तर पाठ असलेल्या सीटची तीनचाकी बरी. पण ती वळणावर कलत नाही; वेगात वळवली की आतलं चाक उचललं जातं. म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा. चढता-उतरताना सायकल सरकू नये म्हणून ब्रेक दाबून अडकवायची सोय हवीच.

पाय घसरत असेल तर पायडलवर पत्र्याचं पाऊल, टाचेला अडण आणि वेल्क्रोचा पट्टा. पट्टा फक्त तीनचाकीवरच. दोनचाकीवर पाय वेळेत खाली टेकत नाही. पाय ताठर असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. गुडघा कमी वाकत असेल तर क्रँक आखूड करा: 20 मिलिमीटर आखूड केली की पायाची वर-खाली हालचाल 40 मिलिमीटरनं घटते.

एकाच हातात जोर आहे? मग दांडीचे ब्रेक असलेली सायकल नको. वायरचे ब्रेक घ्या, दोन्ही वायर एका लिव्हरला जोडता येतात.

राहिले सराटे. तीनचाकीचे तीन माग पडतात, त्यामुळे पंक्चरही जास्त. टायर आणि ट्यूबच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घाला, आणि सराव झाडलेल्या मैदानावरच घ्या.