ठोसा मारायचा खरा, पण पाय कुठे रोवायचा?

श्रोतेहो, नमस्कार. अंतराळातल्या लढतींवर विज्ञान कादंबरी लिहायला घेतली की पहिली गल्लत बहुधा ठोशात होते. नायक ठोसा हाणतो, प्रतिस्पर्धी भिंतीवर जाऊन आदळतो आणि नायक मात्र होता तिथेच! असं होत नाही.

बॉक्सरचा ठोसा निघतो पायातून. आधी जमीन रेटायची, मग कंबर, खांदा आणि शेवटी मूठ. वजनरहित अवस्थेत रेटायला काही नसतंच. साधा हिशेब करू. दोघेही 70 किलोचे, ठोशामागे हाताचं 3 किलो वस्तुमान, मुठीचा वेग सेकंदाला 8 मीटर. ठोसा बसल्यावर दोघेही सेकंदाला जेमतेम 34 सेंटिमीटर वेगाने मागे सरकतील, मारणारासुद्धा. पाच मीटरवरची भिंत गाठायला पंधरा सेकंद! ठोसा हनुवटीवर बसला, तर खाणारा पाचेक सेकंदांत एक अशा संथ कोलांट्या घेत जाईल. वाचकाला तेवढ्यात जांभई यायची.

यावर उपाय आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात काम करताना अंतराळवीर भिंतीवरच्या दांड्यांखाली पावलं अडकवतात. त्याने पावलांच्या वरच्या बाजूची कातडी राठ होते. तुमच्या खेळाडूंची पावलं तशीच दाखवा. रिंगणाच्या भिंतींना दांड्या दिल्या की ठोशाला जोर येतो आणि डावपेचही सुरू होतात. पाऊल अडकवलेला जोरात मारू शकतो, पण त्याला चटकन निसटता येत नाही, आणि धक्क्याचा सगळा ताण घोट्यावर येतो. दुखापत दाखवायचीच असेल तर घोट्याची दाखवा.

मधल्या मोकळ्या जागेत मात्र कुस्तीगीराचं राज्य. उचलून आपटणं बाद, कारण खाली असं काही नाहीच. खांदे टेकवून चीत करणंही गेलं. पण हात पिरगाळणं, गळा आवळणं, पायांची कैची ही सगळी जोर दोन शरीरांच्या आतच लावणारी कामं आहेत. ती तिथेही चालतात.

आता पंचाची अडचण पाहा. डोक्याला झटका बसून शुद्ध हरपायला गुरुत्वाकर्षण लागत नाही, पण बेशुद्ध माणूस कोसळणार कुठे? त्यातून वजनरहित अवस्थेत सैल सोडलेलं शरीर आपोआप गुडघ्यांत आणि कोपरांत वाकतं, हात छातीपुढे तरंगतात. म्हणजे बेशुद्ध खेळाडू पवित्रा घेऊन उभा असल्यासारखाच दिसेल! दहा आकडे मोजून उपयोग नाही. पंचाने डोळे बघायला हवेत. हा प्रसंग कादंबरीत हवाच. भुवई फुटली तर रक्त गालावर ओघळणार नाही, जखमेवरच थबथबत साचून डोळा झाकेल. घामाचंही तेच. हवा खेळती ठेवणारे पंखे बंद पडले, तर धापा टाकणाऱ्याच्या तोंडाभोवती त्याचाच कार्बन डायऑक्साइड साचून डोकं दुखायला लागेल.

वजनगटासाठी काटा कामाचा नाही. स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून ती किती वेगाने झुलते त्यावरून वस्तुमान काढतात. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर 1973 मध्ये तेच केलं होतं.

हे सगळं नको असेल, तर फिरतं स्थानक घ्या. मिनिटाला 2 फेरे आणि 224 मीटर त्रिज्या असली की परिघावर पृथ्वीइतकं वजन मिळतं. पण गंमत अशी की फिरण्याच्या दिशेने सेकंदाला 5 मीटर वेगाने झेपावणारा 70 किलोचा खेळाडू तेवढा वेळ 86 किलोंचा होतो, आणि उलट दिशेने झेपावणारा 56 किलोंचा. एकाचे पाय जड, दुसऱ्याची पकड निसटती. दोन्ही कोपरे स्थानकाच्या अक्षाला समांतर रेषेवर ठेवले तर समोरासमोरच्या झेपेत हा फरक उरत नाही. तुमच्या कादंबरीतला आयोजक लबाड असेल, तर त्याने रिंगण नव्वद अंशांत फिरवून ठेवलं की काम झालं.