तीन बचावपटू, दोन विंग-बॅक आणि बदलती मोजदाद

नमस्कार. २४ सप्टेंबर २०१६ रोजी इंग्लिश फुटबॉलमध्ये आर्सेनलच्या मैदानावर चेल्सीचा संघ मध्यंतरालाच ३-० असा पिछाडीवर होता. उत्तरार्धात प्रशिक्षक अँतोनियो काँते यांनी चार बचावपटूंची रचना मोडून मागे तिघांनाच ठेवले. तो सामना वाचला नाही. परंतु त्यानंतर हीच रचना कायम झाली, चेल्सीने प्रीमियर लीगमध्ये सलग १३ सामने जिंकले आणि मोसमाअखेर विजेतेपदही मिळवले.

ही रचना मुळात जुनीच. १९८६ मध्ये अर्जेंटिना, १९९० मध्ये पश्चिम जर्मनी आणि २००२ मध्ये ब्राझील हे विश्वविजेते तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, घेऊनच खेळले होते. मात्र बहुतेक संघ दोनऐवजी एकच स्ट्रायकर, म्हणजे सर्वांत पुढचा आक्रमक, खेळवू लागले, तेव्हा एका माणसाला रोखण्यासाठी तिघे अडकून पडू लागले आणि मधल्या फळीत माणूस कमी पडू लागला. रचना मागे पडली ती या हिशेबामुळे.

तिचे पुनरागमनही हिशेबानेच झाले. गोलरक्षकापासून लहान पास देत चेंडू पुढे नेण्याची पद्धत रुळली, तसे प्रतिस्पर्धी दोन खेळाडू पाठवून सुरुवातीलाच दबाव आणू लागले. अशा वेळी मागे तिसरा माणूस असेल, तर एकजण मोकळा राहतोच. दुसरीकडे, दोन्ही विंग-बॅक, म्हणजे दोन्ही कडांना बचाव आणि आक्रमण अशी दुहेरी जबाबदारी असलेले खेळाडू, पुढे सरकले की आक्रमणाची रांग पाच जणांची होते आणि समोर चारच बचावपटू असतील, तर दूरच्या कडेला कोणी ना कोणी सुटतो.

म्हणून ‘तीन बचावपटू’ हे नावच मला अपुरे वाटते. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना तेच पाच असतात, आपल्याकडे असताना तीन, आणि हा बदल घडवणारे दोघेच: विंग-बॅक. त्यांच्या पुढे त्याच बगलेत बहुधा दुसरा कोणी नसतो, त्यामुळे संपूर्ण कड त्यांनाच सांभाळावी लागते. काँते यांनी उजवीकडे व्हिक्टर मोझेस या मूळच्या विंगरला, म्हणजे कडेने आक्रमण करणाऱ्या खेळाडूला, उभे केले, हा निर्णय मला त्या मोसमातला सर्वांत धाडसी वाटतो.

प्रशिक्षक झाबी अलोन्सो यांच्या लेव्हरकुसेनने २०२३-२४ मध्ये एकही पराभव न स्वीकारता बुंडेसलिगा ही जर्मन लीग जिंकली, तेव्हा डावीकडचा विंग-बॅक आलेहांद्रो ग्रिमाल्दोने लीगमध्ये १० आणि उजवीकडच्या येरेमी फ्रिम्पाँगने ९ गोल केले. बचावफळीत मोजल्या जाणाऱ्या खेळाडूंचे हे आकडे आहेत!

धोकाही तिथेच आहे. विंग-बॅक पुढे गेला की त्याच्या पाठीमागची जागा उघडी पडते, आणि ती झाकायला बाजूचा सेंटर-बॅक बाहेर ओढला गेला, तर मधला भाग विस्कटतो. याउलट दोन्ही विंग-बॅक मागेच दाबले गेले, तर पाच जणांच्या भिंतीतून बाहेर काढलेला चेंडू पुढे कोणी नसल्याने लगेच परत येतो.

लेव्हरकुसेनची सर्व स्पर्धांतील ५१ सामन्यांची अपराजित मालिका २२ मे २०२४ रोजी डब्लिनमध्ये, युरोपा लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तुटली. ती तोडणारा, प्रशिक्षक जान पिएरो गास्पेरिनी यांचा इटालियन क्लब अटलांटा, हाही तीन बचावपटूंचाच संघ होता. अडेमोला लुकमनने तिन्ही गोल केले, आणि त्यांतील पहिल्या गोलसाठी बगलेतून चेंडू आत दिला तो विंग-बॅक दाविदे झापाकोस्ताने.