दवाखान्यात काही चुकलं तर घरच्यांना सांगा की

नमस्कार मंडळी. खानापूर, निपाणी, चंदगडपासून पेशंट बेळगावला येतात, ऑपरेशन होतं, आणि कधीतरी काहीतरी बिघडतं, डोस जास्त जातो नाहीतर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाईलला लागतो, आणि बाहेर बाकावर रात्रभर बसलेल्या घरच्यांना काय सांगतात तर कॉम्प्लिकेशन झालं. बस्स. आता प्रत्येक कॉम्प्लिकेशन म्हणजे चूक नसते हो, हे पण खरंय, पण नेमकं काय झालं हे सांगितलंच नाही तर माणूस मनाने काहीही जुळवत बसणार, आणि तिथनंच भांडण सुरू होतं.

डॉक्टरांची भीती मला कळते. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते म्हणून निकाल दिला, तेव्हापासून काही कबूल केलं की केस होणार असं त्यांना वाटतं, आणि तोडफोडीची भीती वेगळीच. पण अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलांनी 2001 पासून उलटं करून बघितलं, चूक झाली की आपणहून पेशंटला सांगायचं, माफी मागायची, भरपाईचं बोलायचं. तिथं नवीन दावे वाढले नाहीत, कमीच झाले, आणि निकालीही लवकर निघाले. म्हणजे लपवून डॉक्टर वाचतो हा समजच मला पटत नाही.

आपल्याकडे अजून एक अडचण आहे. सहीचे फॉर्म कन्नड नाहीतर इंग्रजीत, आपली म्हातारी माणसं न वाचताच अंगठा देतात. वॉर्डातल्या सिस्टरना मराठी येतं, मग बिघडलेलं सांगताना तरी मराठीत, शांतपणे, बसवून सांगा ना. ते पण त्याच दिवशी, आणि मोठ्या डॉक्टरांनी स्वतः, ज्युनिअरला पुढे करून नाही.

आणि तुम्ही घरच्यांनी आरडाओरडा करू नका, हात तर अजिबात उगारू नका, कर्नाटकात त्याला 2009 पासून वेगळा कायदा आहे. सरळ विचारा, काय झालं, का झालं, आता पुढे काय करणार. उत्तर नाहीच मिळालं तर केसपेपर मागा. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमाप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितले की 72 तासांत द्यावे लागतात. अर्ज लेखी द्या, मराठीत लिहिला तरी चालवून घ्या म्हणावं, आणि एका कॉपीवर पोच म्हणून सही-शिक्का घेऊनच घरी या.