चंचल मूल आणि विड्यांचे सूप

अंगणवाडीताई, आशाताई आणि पालकहो,

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या घरात सकाळी दहाच्या सुमारास गेलात, तर आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळताना दिसेल. सुपात तंबाखू आणि कापलेली पाने असतात आणि मजुरी हजार विड्यांमागे ठरलेली असते. मागावरची रात्रपाळी संपवून आलेले वडील त्याच खोलीत झोपलेले असतात. अशा घरातले चार वर्षांचे मूल क्षणभरही एका जागी न टिकणारे, सुपात हात घालणारे, हाक मारेपर्यंत रस्त्यावर पोहोचणारे असेल, तर दिवसभर त्याला ‘गप बस’ आणि त्याच्या आईला ‘तुला एक पोर सांभाळता येईना’ एवढेच ऐकावे लागते.

एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता, ही आईने लावलेल्या वळणातून निर्माण होत नाही. ती मेंदूच्या विकासाशी संबंधित आणि मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतःचे कमी वजन यांच्याशीही तिचा संबंध आढळतो. ‘याचा बापही असाच होता’ हे आजीचे वाक्य आपण थट्टेवारी नेतो. खरे तर ते नोंदवहीत लिहून ठेवावे.

तरीही प्रत्येक वांड मुलावर हा शिक्का मारण्याची घाई नको. तीन-चार वर्षांचे मूल मुळातच चुळबुळे असते. लक्षणे किमान सहा महिने टिकली आहेत का, ती घरी आणि अंगणवाडीत अशा दोन्ही ठिकाणी दिसतात का, आणि वयाच्या मानाने ती खरोखरच जास्त आहेत का, हे आधी पाहावे लागते. कान वाहत असेल तर मूल ऐकत नाही. एकाच खोलीत रात्री उशिरापर्यंत जाग असेल तर अपुऱ्या झोपेचे मूल सकाळी अधिकच उधळते. सोलापुरात आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारे मूल मराठी अंगणवाडीत बसते, तेव्हा ‘चटई उचल, डबा ठेव आणि रांगेत उभा राहा’ ही सूचना त्याला कळलेलीच नसते, आणि आपण मात्र ‘लक्ष देत नाही’ असे लिहून मोकळे होतो. तीच सूचना त्याच्या घरच्या भाषेत देऊन पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, एवढा नियम जरी आपण पाळला तरी बऱ्याच चुका टळतील.

आता उपायांकडे येतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपाय औषध नव्हे, तर पालकांना वर्तन हाताळण्याचे प्रशिक्षण हा आहे. ब्रिटनच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचना पाच वर्षांखालील मुलांच्या पालकांसाठी असे प्रशिक्षण गटात द्यावे, असे सांगतात. याचा सरळ अर्थ असा की, या वयात उपचार मुलापेक्षा मोठ्या माणसांमार्फत होतो. म्हणून मोठ्या माणसाचा वेळ, मजुरी आणि थकवा हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, दुपारी, आठ-दहा आठवडे चालणारा वर्ग कितीही चांगला असला तरी ज्या बाईचे प्रत्येक फेरीला काहीशे विड्यांचे नुकसान होते ती तिसऱ्या आठवड्यानंतर येत नाही, आणि आपण अहवालात ‘पालक उदासीन’ असे लिहितो. हा शब्द मला सर्वांत अन्यायाचा वाटतो.

त्याऐवजी वर्ग सुपाजवळ न्यावा. बायका एरवीही गल्लीतल्या ओट्यावर एकत्र बसून विड्या वळतात. मुले अंगणवाडीत असताना आशाताईंनी तिथे आठवड्यातून अर्धा तास बसावे. (अंगणवाडीत मात्र सूप नको, तंबाखूची धूळ मुलांच्या श्वासात जाऊ नये.) प्रशिक्षणात सांगितले जाते की, दररोज काही मिनिटे मुलाच्या मनाप्रमाणे त्याच्याशी खेळा. आईचे हात रिकामे नसतात, पण तोंड असते. मूल डब्यावर डबा रचत असेल, तर ‘लाल डबा खाली ठेवलास, आता झाकण शोधतोयस’ असे त्याच्या खेळाचे वर्णन तिने स्वतःच्या भाषेत करावे; त्यासाठी विडी थांबवावी लागत नाही.

सूचना एका वेळी एकच, लहान, आणि शक्य तेव्हा मुलाचे नाव घेऊन, त्याच्याकडे पाहून द्यावी. ‘शहाणा आहेस’ यापेक्षा ‘सुपाला हात न लावता बसलास’ हे कौतुक मुलाला अधिक उपयोगी पडते, कारण आपण नेमके काय बरे केले हे त्याला कळते. किरकोळ चुळबुळीकडे दुर्लक्ष करावे, रस्त्यावर धावणे मात्र प्रत्येक वेळी सारख्याच रीतीने थांबवावे. माराने मूल क्षणभर थांबते. काय करायचे ते मात्र शिकत नाही. आणि हे सगळे आईनेच करायचे असेल तर ते टिकणार नाही. पाळीवरून आलेल्या वडिलांना आणि आजीलाही तीच दोन वाक्ये शिकवावी लागतात.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करणे अपेक्षित आहे, आणि तपासायच्या बाबींत एडीएचडीचा समावेश आहे. पुढे जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी दिली जाते. ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत महिनोन्महिने पडून राहते. ती देताना ‘जा’ म्हणण्याऐवजी, कोणत्या वारी मजुरी बुडणार नाही हे आईला विचारावे आणि पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे केवळ या निदानावर प्रमाणपत्र मिळण्याची आशा पालकांना दाखवू नये. स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता सोबत असल्यास गोष्ट वेगळी. ज्या आईला रात्री झोप लागत नाही, रडू आवरत नाही, तिला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा विनामूल्य क्रमांक लिहून द्या. फोन लावताना शेजारी बसलात तर अधिक बरे.