हजार यार्डांसाठी नवा स्टॉक

इंग्लंडच्या सरे परगण्यातील बिझ्ली येथील हे स्टिकलडाउन मैदान. ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या मुख्य स्पर्धा १८९० पासून बिझ्लीला भरतात आणि या मैदानावर १,२०० यार्डांपर्यंत नेम धरता येतो. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते ५० मीटरवर, आणि ३०० मीटरची रायफल ऑलिंपिकमध्ये शेवटची दिसली ती १९७२ मध्ये, म्युनिकला. हजार यार्डांची, म्हणजे सुमारे ९१४ मीटरची नेमबाजी आज क्लबांनी आणि त्यांच्या सभासदांनी जोपासली आहे.

कार्यशाळेतील मेजावर .३०८ विंचेस्टरची रायफल आहे. तिचा जुना स्टॉक, म्हणजे नळी जिच्यात बसते आणि जी खांद्याला टेकवतात ती बैठक, अक्रोडाचा. लाकूड हवेतील ओलावा शोषते, फुगते, किंचित वळते आणि नळीला एका बाजूने टेकू लागते. गोळी सुटताना नळी कंप पावत असते. त्या कंपनाला लाकडाचा अडथळा झाला की गोळीची दिशा बदलते, आणि ती प्रत्येक वेळी सारखीच बदलेल याची खात्री नसते. हजार यार्डांवर कोनाच्या एका मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा फरक लक्ष्यावर सुमारे २७ सेंटिमीटर होतो. तरीही नेमबाजांचा पैसा आधी जातो तो नव्या नळीवर आणि महागड्या दुर्बिणीवर. या दोन्हींना नेमबाजाच्या शरीराशी जोडणाऱ्या स्टॉकचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटा व्हायला हवा.

नवा स्टॉक लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून घडवलेला आहे, त्यामुळे तो साध्या अक्रोडापेक्षा कमी वळतो. स्क्रू जातात त्या जागी ॲल्युमिनियमचे खांब बसवले आहेत, जेणेकरून स्क्रू आवळताना लाकूड दबणार नाही. आता जे काम दिसते आहे ते बेडिंगचे, म्हणजे धातूचा भाग स्टॉकमध्ये नेमका बसवण्याचे. रायफलीच्या धातूच्या भागाला मेणाचा पातळ हात दिला जातो, खोबणीत इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा गोंद, भरला जातो आणि धातू त्यात अलगद बसवून रात्रभर तसाच ठेवला जातो. सकाळी धातू वेगळा केला की त्याचा हुबेहूब साचा स्टॉकमध्ये उमटलेला असतो. या कामात घाई अजिबात चालत नाही, कारण साच्यात राहिलेली पोकळी म्हणजे रायफलीला हलायला मिळालेली जागा. त्यानंतर मोजणीच्या पान्याने दोन्ही स्क्रू ठरलेल्या ताणापर्यंत आवळले जातात आणि नळीखालून कागदाची पट्टी सरकवली जाते. पट्टी कुठेही न अडकता खोबणीच्या टोकापर्यंत गेली, म्हणजे नळी मोकळी आहे.

यानंतर स्टॉक माणसाला जुळवून घ्यायचा. नेमबाज डोळे मिटून गाल टेकवतो आणि मग डोळे उघडतो; दुर्बिणीत कडेला काळी चंद्रकोर दिसली, तर गाल टेकण्याचा भाग वर किंवा खाली करावा लागतो. मान ताणून नेम धरणारा माणूस पुढच्या गोळीला नेमकी तीच मान ताणू शकत नाही. बटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची लांबीही अशीच, कोपर आणि खांदा सैल राहतील इतकी ठेवली जाते. मग रिकाम्या रायफलीचा चाप पुन्हा पुन्हा ओढून दुर्बिणीतील फुली जागची हलते का, हे पाहिले जाते. एफ-टीआर या लांब पल्ल्याच्या स्पर्धांमधील गटात दोन पायांचा आधार आणि दुर्बीण यांसह रायफलीचे वजन ८.२५ किलोपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून शेवटी काटा.

मैदानावर झेंडे वाऱ्याची दिशा सांगतात, पण नव्या स्टॉकच्या चाचणीत नजर ठेवायची ती धक्क्यानंतर फुली कुठे परतते यावर. जुन्या स्टॉकवर ती शेजारच्या लक्ष्याकडे सरकत असे आणि दर गोळीला रायफल पुन्हा मांडावी लागे. नव्यावर ती सरळ मागे जाऊन आपल्याच लक्ष्यावर येते. लक्ष्यांखालच्या खंदकातील मंडळी लक्ष्य खाली घेतात, गोळीच्या जागी चकती लावतात आणि ते पुन्हा वर चढवतात. चकत्यांमधील उभे अंतर कमी झाले आहे. आडवे अंतर वाऱ्याचे आहे आणि ते वाचणे नेमबाजाचेच काम राहणार. स्टॉक बदलल्याने दुर्बिणीचे सर्व अंतरांचे आकडे नव्याने नोंदवावे लागले, आणि पहिल्या सत्रानंतर स्क्रूंचा ताण पुन्हा तपासण्यात आला.