दूध सांडलं तर सांडू दे

ही मुलगी सात वर्षांची आहे, जन्मापासून तिला दिसत नाही. आत्ता ती स्वतःचं दूध स्वतः ओततीये. तिचं बोट बघा, कपाच्या काठावरून थोडंसं आत वाकवलंय, दूध बोटाला लागलं की थांबायचं. आणि कान पण तिकडेच, कारण कप भरत जातो तसा आवाज चढत जातो, ते तिला बरोबर कळतं. सुरुवात तिने गार पाण्याने केली होती, ट्रेमध्ये कप ठेवून, म्हणजे सांडलं तरी ट्रेमध्येच.

आई शेजारीच उभीये पण हात मागे. खरं सांगायचं तर या घरात सगळ्यात अवघड काम तेच आहे, हात मागे ठेवायचं.

काय होतं माहितीये का, डोळस मूल दिवसभर नुसतं बघून शिकत असतं, ताट कुठून येतं, जेवण झाल्यावर कुठे जातं, धुतलेले कपडे घडी होऊन कपाटात कसे पोचतात, हे कुणी मुद्दाम शिकवत नाही. न दिसणाऱ्या मुलाला वस्तू एकदम हातात मिळते आणि हातातून गायब होते. मधलं जे सगळं घडतं ते त्याला दाखवावं लागतं, आणि दाखवायचं म्हणजे हातानेच.

पण कसं? आपण पटकन मुलाचं मनगट पकडतो आणि हात ओढून वस्तूवर ठेवतो. प्लीज असं नका करू. ते मूल हातानेच बघतंय, उद्या आपलं डोकं धरून कुणी जबरदस्तीने वळवलं तर आपल्याला चालेल का? त्यापेक्षा आपला हात खाली, त्याचा हात आपल्या हातावर. आपण काम करत राहायचं, त्याला वाटेल तेव्हा तो हात काढून घेईल.

शर्ट घालायला शिकवताना उलटं जायचं. बाकी सगळं तुम्ही करा, शेवटचं खाली ओढायचं तेवढं त्याला करू द्या. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. काम प्रत्येक वेळी त्याच्याच हातून पूर्ण होतं, त्यामुळे वैतागून सोडून देत नाही.

घरात एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळायची. दार एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट दाराची कड सरळ कपाळावर बसते. खुर्ची उठल्यावर आत. आणि सामान हलवलं तर आधी सांगायचं, मग हात लावून दाखवायचं.

अजून एक, दृष्टिहीन म्हणजे पूर्ण अंधार असंच नसतं, बऱ्याच मुलांना थोडंफार दिसतं, उजेड, रंग, आकार. त्यांच्यासाठी पांढरं दूध गडद कपात द्या, पांढऱ्या कपात ते दिसतच नाही. इतकी साधी गोष्ट आहे, पण वर्षानुवर्षं सांगत नाही कुणी.

लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामडी कामाच्या वर्कशॉपमध्ये हत्यार डोळ्यात जाऊन जखमी झाला, पुढे दृष्टी पूर्ण गेली. सहा टिंबांची लिपी त्याने 1824 मध्ये केली, पंधराव्या वर्षी, ते सगळ्यांना माहितीये. मला मात्र वडिलांची गोष्ट जास्त आवडते, त्यांनी पोराला घरात बसवून नाही ठेवलं, लाकडाच्या काठ्या करून दिल्या आणि तो गावभर फिरला.

अरे, सांडलं वाटतं थोडं. आई पुढे झाली... नाही, थांबली.

मुलगी उठलीये. फडकं नेहमीच्या जागेवर आहे, सापडलं. आता बघा कशी पुसतीये, टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ पट्टा, मग त्याला लागून दुसरा. दुसरा हात मागून फिरतोय, ओलं कुठे राहिलं का बघत. कोपऱ्यात हात थांबला. फडकं परत तिकडे वळलं.